सूर्याच्या प्रतिमेमागील आकडे : ‘सूट’ दुर्बिणीचे निकष कसे ठरतात?

पुण्यातील आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राच्या (आयुका) नेतृत्वाखाली तयार झालेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण ‘आदित्य-एल१’ या भारताच्या पहिल्या अंतराळ सौर वेधशाळेवरील सात उपकरणांपैकी एक आहे. हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून ‘पीएसएलव्ही-सी५७’ प्रक्षेपकाद्वारे झेपावले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरील आपल्या कक्षेत स्थिरावले. या दुर्बिणीची माहिती देताना काही आकडे नेहमी सांगितले जातात : १४ सेंटिमीटरच्या आसपासचे प्रकाशद्वार, साडेतीन मीटर केंद्रांतर, ४०९६ गुणिले ४०९६ प्रतिमाबिंदू आणि ११ गाळण्या. हे आकडे याच मापाचे का, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

अंतराळातील दुर्बिणीचे प्रत्येक माप हे एखाद्या वैज्ञानिक प्रश्नाचे रूपांतर असते. कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे, त्यासाठी काय मोजावे लागेल, ते किती अचूक मोजावे लागेल आणि तेवढी अचूकता मिळण्यासाठी यंत्राचा प्रत्येक भाग कसा असावा लागेल, या क्रमाने अभियंते मागे मागे येत जातात. या प्रक्रियेतून हाती येणाऱ्या आकड्यांना उपकरणाचे ‘कामगिरीचे निकष’ म्हणतात. १५ लाख किलोमीटरवर दुरुस्तीसाठी कोणी जाऊ शकत नाही. त्यामुळे कागदावर जे लिहायचे राहून गेले, ते बहुधा कायमचेच राहते.

आधी प्रश्न, मग यंत्र

‘सूट’समोर प्रामुख्याने तीन प्रश्न होते. सूर्याचा दिसणारा पृष्ठभाग म्हणजे दीप्तिगोल आणि त्यावरील वर्णगोल हा थर यांच्यात ऊर्जेची देवाणघेवाण कशी होते, हा पहिला प्रश्न. सौरज्वाला व तत्सम स्फोट कोठे आणि कसे सुरू होतात, हा दुसरा. पृथ्वीच्या वातावरणावर परिणाम करणारी अतिनील किरणे सूर्याच्या कोणत्या भागातून किती प्रमाणात येतात, हा तिसरा.

तिसऱ्या प्रश्नाचा संबंध थेट पृथ्वीवरील जीवनाशी आहे. २४२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचे किरण वातावरणाच्या वरच्या थरांत ऑक्सिजनच्या रेणूंचे विभाजन करतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. त्याहून काहीशा अधिक, सुमारे ३०० नॅनोमीटरपर्यंतच्या तरंगलांबीचे किरण तोच ओझोन शोषून घेतो. म्हणजे ओझोन घडवणारे किरण वेगळे आणि ओझोनने अडवले जाणारे किरण वेगळे. ही विभागणी ‘सूट’च्या रचनेत जशीच्या तशी उतरली आहे. तिच्या तीन रुंद पट्ट्यांच्या गाळण्यांपैकी पहिली २०० ते २४२, दुसरी २४२ ते ३०० आणि तिसरी ३२० ते ३६० नॅनोमीटर या टप्प्यांसाठी आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मे २०२४ मध्ये पुन्हा प्रत्ययास आले. त्या महिन्यात पृथ्वीवर दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ आले आणि लडाखमधील हानले येथील आकाशही लालसर झाले. मार्च १९८९ मध्ये अशाच एका वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास घालवली होती. उपग्रह, वीजवाहिन्या आणि दिशादर्शन यांवरील अवलंबित्व वाढल्यामुळे सौरज्वालांचा उगम समजून घेणे आता केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा विषय राहिलेला नाही.

जागेची निवड

निकषांच्या साखळीतील पहिली कडी जागेची असते. ओझोनच्या थरामुळे सुमारे ३०० नॅनोमीटरच्या खालचे किरण जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. पृथ्वीवर कितीही मोठी दुर्बीण उभारली तरी त्या किरणांतील सूर्य दिसणार नाही. म्हणून उपकरण वातावरणाबाहेर असणे ही पहिली अट ठरते.

दुसरी अट अखंड निरीक्षणाची आहे. सौरज्वाला वेळ सांगून येत नाही. पृथ्वीभोवती कमी उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाच्या वाटेत पृथ्वीची सावली येऊ शकते. भारताच्या सौर मोहिमेची मूळ संकल्पना सुमारे ८०० किलोमीटर उंचीच्या कक्षेची होती. नंतर ती बदलून पृथ्वी व सूर्य यांच्यामधील ‘एल-१’ या लाग्रांज बिंदूभोवतीची कक्षा निवडण्यात आली. तेथे यान आपली एक प्रदक्षिणा सुमारे १७८ दिवसांत पूर्ण करते आणि या सर्व काळात सूर्य त्याच्या नजरेसमोर राहतो. या निर्णयाची किंमतही मोजावी लागते. अंतर वाढल्याने दर सेकंदाला पृथ्वीवर पाठवता येणारी माहिती मर्यादित होते आणि ती मर्यादा पुढे प्रत्येक निकषावर आपली छाप पाडते.

कोणता प्रकाश हवा?

सूर्याचे वेगवेगळे थर वेगवेगळ्या तरंगलांबीत दिसतात. वर्णगोलाचा अभ्यास करण्यासाठी मॅग्नेशियमच्या आयनांमुळे उमटणाऱ्या दोन रेषा फार उपयुक्त आहेत. एक २७९.६ नॅनोमीटरला आणि दुसरी २८०.३ नॅनोमीटरला आहे. दोहोंमधील अंतर केवळ ०.७ नॅनोमीटर. या दोन रेषा स्वतंत्रपणे पाहायच्या असतील, तर गाळणीची रुंदी त्या अंतराहून कमी असणे भाग आहे. ‘सूट’मधील या गाळण्यांची रुंदी ०.४ नॅनोमीटर आहे. त्याच रेषांच्या दोन्ही बाजूंना, २७६.७ आणि २८३.२ नॅनोमीटरला, आणखी दोन गाळण्या ठेवल्या आहेत. त्यांतून तुलनेने खालच्या थरातून येणारा प्रकाश मिळतो, आणि वर घडणाऱ्या घटनेशी त्याची तुलना करता येते.

कॅल्शियमच्या ३९६.८५ नॅनोमीटरच्या रेषेसाठी गाळणी याहूनही अरुंद, ०.१ नॅनोमीटरची आहे. या रेषेचा मध्य वर्णगोलातून येतो आणि कडांचा प्रकाश खालून येतो. रुंद गाळणी वापरली असती, तर दोन मजल्यांवरील दिवे एकाच चित्रात मिसळले असते. २१४, ३०० आणि ३८८ नॅनोमीटरच्या गाळण्या धरून अरुंद पट्ट्यांच्या आठ आणि रुंद पट्ट्यांच्या तीन, अशा ११ गाळण्या होतात. त्या दोन फिरत्या चाकांवर बसवल्या आहेत.

गाळणीने हवा तो प्रकाश आत सोडणे पुरेसे नसते. नको असलेला प्रकाश अडवणे अनेकदा अधिक कठीण असते. २०० नॅनोमीटरच्या तुलनेत ४०० नॅनोमीटरला सूर्य शंभरपटीहून अधिक तेजस्वी आहे आणि दृश्य प्रकाशात तर त्याचे तेज आणखी मोठे आहे. २१४ नॅनोमीटरच्या गाळणीतून दृश्य व अवरक्त प्रकाशाचा हजारावा भाग जरी निसटला, तरी तो त्या पट्ट्यातील खऱ्या प्रकाशाच्या बरोबरीला येऊ शकतो. चित्र सुरेख दिसेल, पण ते वेगळ्याच थराचे असेल. म्हणून गाळणीच्या निकषांत तिच्या पट्ट्याबाहेरील गळती किती चालेल, हा आकडा पट्ट्याच्या रुंदीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

किती बारीक दिसावे?

आकाशातील कोन मोजताना अंशाच्या ३६०० व्या भागाला विकला किंवा आर्कसेकंद म्हणतात. ‘आदित्य’च्या स्थानावरून पाहता सूर्यावरील एक विकला म्हणजे सुमारे ७२० किलोमीटर. सूर्याच्या पृष्ठभागावरील उकळत्या पाण्यासारख्या दिसणाऱ्या कणिका साधारण १००० किलोमीटर आकाराच्या असतात. सौरडाग त्याहून कितीतरी मोठे असतात. सुमारे १००० किलोमीटरचा तपशील ओळखता यावा असे ठरवले, तर दुर्बिणीची भेदनक्षमता १.४ विकलांच्या आसपास असावी लागते.

कोणताही तपशील विश्वासाने ओळखण्यासाठी त्यावर किमान दोन प्रतिमाबिंदू पडले पाहिजेत, असा प्रतिमाशास्त्राचा नियम आहे. त्यानुसार एका प्रतिमाबिंदूच्या वाट्याला ०.७ विकला येतात. हा कोन म्हणजे सुमारे तीन किलोमीटरवर ठेवलेल्या एक सेंटिमीटर रुंदीच्या वस्तूचा कोन. ‘सूट’च्या प्रकाशग्राहक सीसीडीवरील एक प्रतिमाबिंदू १२ मायक्रोमीटरचा आहे. एवढ्या जागेत ०.७ विकला सामावण्यासाठी लागणारे केंद्रांतर गणिताने साडेतीन मीटर येते.

प्रकाशद्वाराचे मापही याच साखळीतून निघते. प्रकाशाच्या तरंगस्वभावामुळे एका बिंदूची प्रतिमा प्रत्यक्षात लहानशी चकती होते. द्वार जितके लहान, तितकी ही चकती मोठी. १४ सेंटिमीटरच्या द्वारासाठी ४०० नॅनोमीटर तरंगलांबीला या चकतीची त्रिज्या सुमारे ०.७ विकला, म्हणजे बरोबर एक प्रतिमाबिंदू येते. त्याहून कमी तरंगलांबीला ती आणखी लहान होते. याहून मोठा आरसा घेतल्यास वजन वाढले असते, पण त्याच प्रतिमाबिंदूंतून अधिक तपशील मिळाला नसता. लहान घेतला असता, तर प्रतिमा धूसर झाली असती.

राहिला प्रश्न चित्राच्या आवाक्याचा. सौरज्वाला सूर्यबिंबावर कोठेही भडकू शकते आणि किरणांचे पृथ्वीवरील परिणाम मोजायचे तर संपूर्ण बिंब एकाच चित्रात हवे. सूर्याचा व्यास सुमारे १९०० विकलांहून थोडा अधिक आहे. ४०९६ प्रतिमाबिंदूंना ०.७ ने गुणल्यास सुमारे २८६७ विकला येतात. त्यात पूर्ण बिंब मावते आणि केंद्रापासून सुमारे दीड सौरत्रिज्येपर्यंतची जागाही उरते. तुलनेसाठी, अमेरिकेची ‘आयरिस’ ही सौर दुर्बीण २०१३ पासून मॅग्नेशियमच्या याच रेषा अधिक बारकाईने पाहत आली आहे, पण तिच्या नजरेत बिंबाचा लहानसा तुकडाच मावतो. ‘सूट’ने तपशिलाचा काही भाग सोडला आणि त्या बदल्यात संपूर्ण बिंब मिळवले. निकष ठरवणे म्हणजे अशी देवाणघेवाण जाणीवपूर्वक करणे होय.

प्रकाश पुरेसा, उष्णता नको

सूर्य डोळे दिपवणारा असला, तरी अरुंद अतिनील पट्ट्यात मिळणारा प्रकाश बेताचाच असतो. प्रकाश कणांच्या रूपाने येतो आणि त्यांच्या संख्येत स्वाभाविक चढउतार असतात. एका प्रतिमाबिंदूवर १०० कण नोंदले गेले, तर त्यात सुमारे १० कणांची, म्हणजे १० टक्क्यांची अनिश्चितता असते. ती एक टक्क्यावर आणायची तर १० हजार कण हवेत. म्हणजे अचूकता दसपट वाढवण्यासाठी प्रकाश शंभरपट लागतो. तो जास्त वेळ गोळा करावा, तर तेवढ्या अवधीत यान हलल्यास प्रतिमा पुसट होते. त्यामुळे प्रकाशाची गरज, प्रकाशन काळ आणि यानाची स्थिरता हे तीन निकष एकमेकांपासून वेगळे ठरवता येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला उष्णतेचा प्रश्न आहे. १४ सेंटिमीटरच्या द्वारातून सूर्याची सुमारे २२ वॅट ऊर्जा सतत आत येऊ शकते. आरसे आणि त्यांचे आधार यामुळे तापून प्रसरण पावले, तर केंद्रीकरण बिघडते. म्हणून ‘सूट’च्या तोंडावरच एक उष्णतारोधक गाळणी आहे. ती दृश्य व अवरक्त किरणांचा बहुतांश भाग परतवते आणि हव्या असलेल्या अतिनील किरणांचाही अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी भाग आत सोडते. आतील प्रकाशग्राहक मात्र उणे ५५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो, अन्यथा त्याच्या स्वतःच्या उष्णतेमुळे निर्माण होणारे खोटे संकेत खऱ्या प्रकाशात मिसळतात.

किती चित्रे पुरेशी?

एका पूर्ण चित्रात १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ प्रतिमाबिंदू असतात. प्रत्येकासाठी दोन बाइट धरल्यास एक चित्र सुमारे ३३.५ मेगाबाइटचे होते. दर दहा सेकंदांनी असे एक चित्र घेतले, तर दिवसाकाठी सुमारे २९० गिगाबाइट माहिती जमा होईल. सात उपकरणांनी वाटून घ्यायच्या संदेशवाहिनीत एवढी जागा एकट्या ‘सूट’ला मिळणे अशक्य. दुसरीकडे सौरज्वालेचे पहिले टप्पे सेकंदांत आणि मिनिटांत उलगडतात. अर्ध्या तासाने घेतलेल्या पुढच्या चित्रात तिचा उगम हरवलेला असतो.

यावर काढलेला मार्ग म्हणजे सर्व वेळ सर्व काही न पाहणे. पूर्ण बिंबाची चित्रे सावकाश घ्यायची आणि ज्या भागात हालचाल आहे, त्या ७०४ गुणिले ७०४ प्रतिमाबिंदूंच्या चौकटीची चित्रे वेगाने घ्यायची. या चौकटीत पूर्ण चित्राच्या सुमारे चौतिसाव्या भागाइतकीच माहिती असते. ज्वाला कधी भडकली, याची सूचना यानावरील ‘सोलेक्स’ आणि ‘हेलिओस’ या क्ष-किरण उपकरणांकडून मिळते आणि ती बिंबावर कोठे आहे, हे ‘सूट’ची संगणकप्रणाली पृथ्वीवरील आदेशाची वाट न पाहता शोधते. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने बिंबाच्या मध्यभागी एखादा डाग सुमारे चार मिनिटांत एक प्रतिमाबिंदू सरकतो. चौकटीलाही त्याच गतीने सरकावे लागते. येथे संदेशवहनाची अडचण हीच संगणकप्रणालीच्या निकषाची जननी ठरली.

त्रुटींचे अंदाजपत्रक

संपूर्ण उपकरणाचा निकष ठरला, की तो प्रत्येक भागाला वाटून द्यावा लागतो. यासाठी घरखर्चाच्या हिशेबासारखे त्रुटींचे अंदाजपत्रक तयार करतात. एकमेकांवर अवलंबून नसलेल्या त्रुटींची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घेतले जाते. उदाहरणादाखल, आरशांमुळे ०.९, जुळणीमुळे ०.८ आणि यानाच्या कंपनामुळे ०.७ विकलांची धूसरता येत असेल, तर एकूण धूसरता २.४ होत नाही, सुमारे १.४ होते.

यापैकी कंपनाची त्रुटी ०.७ वरून १.० झाली, तर एकूण धूसरता जवळपास १.६ विकलांवर जाते आणि मूळ निकष मोडतो. मग तो भार कोणी उचलायचा, हा प्रश्न उभा राहतो. आरसा अधिक काटेकोर घासायचा, जुळणी अधिक अचूक करायची, की यानाच्या नियंत्रणाकडून अधिक स्थिरता मागायची? प्रत्येक पर्यायाला खर्च, वजन आणि वेळ लागतो. कोणती अट कोणत्या प्रश्नातून आली, याची नोंद सुरुवातीपासून ठेवलेली असेल, तरच कोठे सवलत देता येईल आणि कोठे नाही, हे ठरवता येते. ‘सूट’सारख्या उपकरणात हे विशेष गरजेचे होते, कारण तिच्या उभारणीत आयुकासह भारतीय अंतराळ संशोधन संस्था (इस्रो), मणिपाल उच्च शिक्षण अकादमी, कोलकात्यातील आयसर, बंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था, उदयपूर सौर वेधशाळा आणि आसाममधील तेजपूर विद्यापीठ यांचा सहभाग होता. प्रकल्पाचे नेतृत्व आयुकातील दुर्गेश त्रिपाठी व ए. एन. रामप्रकाश यांनी केले.

पडताळणी आणि वार्धक्य

जो निकष मोजून तपासता येत नाही, तो निकष नसून केवळ इच्छा असते. १९९० मध्ये सोडलेल्या ‘हबल’ दुर्बिणीचा मुख्य आरसा कडेला सुमारे दोन मायक्रोमीटरने अधिक सपाट झाला होता. आरसा किती अचूक असावा, हे ठरलेले होते. चूक तपासणीच्या साधनात होती. ‘हबल’ पृथ्वीच्या जवळ असल्याने डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी तिला जणू चष्मा बसवला. ‘एल-१’जवळच्या यानासाठी हा पर्याय नाही. त्यामुळे प्रक्षेपणाचे हादरे, निर्वात अवस्था आणि तापमानातील बदल या सर्वांची चाचणी जमिनीवरच पूर्ण करावी लागते.

अतिनील दुर्बिणींचा आणखी एक शत्रू म्हणजे मळ. सेंद्रिय द्रव्यांचा डोळ्यांना न दिसणारा थर आरशावर बसला, तरी तो अतिनील किरण शोषून घेतो. अमेरिकेच्या ‘सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी’वरील एका अतिअतिनील वाहिनीची संवेदनशीलता पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणात घटली. म्हणून स्वच्छतेचे निकष जुळणीच्या कक्षापासूनच लागू होतात.

वार्धक्य टाळता येत नाही, पण ते मोजता येते. सूर्याच्या एकूण तेजात ११ वर्षांच्या चक्रात केवळ ०.१ टक्क्याच्या आसपास बदल होतो. २०० नॅनोमीटरच्या परिसरात तो काही टक्क्यांपर्यंत जातो. दुर्बिणीची नजर पाच टक्क्यांनी मंदावली आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर सूर्य मंदावल्याचा चुकीचा निष्कर्ष निघेल. यासाठी ‘सूट’मध्ये २५५ आणि ३५५ नॅनोमीटरचे एलईडी दिवे बसवले आहेत. त्यांच्या ज्ञात प्रकाशात प्रकाशग्राहकाची वेळोवेळी परीक्षा घेतली जाते.

आकड्यांची कसोटी

‘सूट’ २० नोव्हेंबर २०२३ रोजी प्रवासादरम्यानच कार्यान्वित करण्यात आली. २०० ते ४०० नॅनोमीटर पट्ट्यातील संपूर्ण सूर्यबिंबाची तिची पहिली छायाचित्रे डिसेंबर २०२३ मध्ये इस्रोने प्रसिद्ध केली. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर्यावर ‘एक्स-६.३’ श्रेणीची प्रचंड ज्वाला भडकली, तेव्हा ‘सूट’ने सूर्याच्या वातावरणाच्या खालच्या थरांतील तिचे तेजस्वी केंद्र टिपले आणि क्ष-किरण उपकरणांच्या नोंदींशी त्याची सांगड घालता आली. मोहिमेची माहिती जानेवारी २०२५ पासून संशोधकांसाठी खुली झाली आहे.

त्या ज्वालेच्या चित्रात मॅग्नेशियमच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात, कारण एका गाळणीची रुंदी ०.७ ऐवजी ०.४ नॅनोमीटर असावी असे कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. ज्वाला बिंबाच्या ज्या भागात भडकली तो भाग चित्रात आहे, कारण अधिक तपशिलापेक्षा संपूर्ण बिंब महत्त्वाचे मानले गेले होते. पुढील सौर मोहिमांचे आराखडे आखताना ‘सूट’च्या चित्रांइतकीच त्यामागील या हिशेबाची वहीही भारतीय शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडणार आहे.